कार्डाने बिघडलेला सिबिल कार्डानेच सुधारतो का?

"सिबिल पडलाय, घराचं कर्ज होत नाही. एक जण म्हणतो नवीन क्रेडिट कार्ड घे, दुसरा म्हणतो कार्डाला हातही लावू नकोस. नेमकं काय करू?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, विरारपासून बदलापूरपर्यंत हाच प्रश्न सगळ्यांना पडलेला असतो. सिबिल म्हणजे कर्जं आणि कार्डाची बिलं तुम्ही कशी फेडता यावरून ठरणारा स्कोअर. कार्डाने तो सुधारतो. पण जुनी थकबाकी तशीच ठेवून नवीन कार्ड घेतलंत, तर फारसा उपयोग नाही.

म्हणून आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीची नोंद, काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर उतरत नाही. उतरतो तो चार बँकांत एकाच महिन्यात अर्ज टाकल्याने. ३०० ते ९०० मधला तो मोठा आकडा बाजूला ठेवा आणि प्रत्येक खात्याखालचा 'डीपीडी'चा तक्ता वाचा. हप्ता किती दिवस उशिरा गेला, ते तिथे गेल्या ३६ महिन्यांचं महिनावार दिसतं. ००० म्हणजे वेळेवर, ०६० म्हणजे साठ दिवस थकलेलं.

या तक्त्यात हमखास दोन गोष्टी सापडतात. एक, विसरलेलं कार्ड. वापर कधीच थांबलेला, पण वार्षिक फी लागली, ती कुणी भरली नाही आणि दोनपाचशे रुपयांसाठी खातं थकीत दिसतंय. दुसरी, जामीनकी. मेहुण्याच्या टेम्पोला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये असतं, आणि त्याने हप्ते चुकवले की स्कोअर तुमचाही पडतो. नात्यागोत्यात हे आधी कुणी सांगत नाही.

'सेटल्ड' हा शेरा मात्र नीट समजून घ्या. वसुलीवाला म्हणतो, साठ हजारांऐवजी पंचवीस भरा, विषय संपला. वसुलीचा विषय संपतो, रिपोर्टचा नाही. बँकेने उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं, हे पुढची प्रत्येक बँक वाचते. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या आणि 'सेटल्ड' काढून 'क्लोज्ड' अशी नोंद करण्याची मागणी बँकेकडे लेखी करा. माझ्या मते गृहकर्ज काढायचं असलेल्याने नवीन कार्डाच्या आधी पैसा इथे घालावा.

यानंतर एफडीवरचं कार्ड. साधं कार्ड पडलेल्या स्कोअरवर बहुधा नाकारलं जातं. एफडी तारण ठेवली की बँकेचा धोका संपतो आणि पगाराची स्लिपही सहसा लागत नाही. २५,००० ची एफडी आणि ८० टक्के लिमिट धरलं, तर २०,००० चं कार्ड मिळतं. एफडीचं व्याज चालूच राहतं. डेबिट कार्ड, प्रीपेड कार्ड किंवा भिशी कितीही नियमित असली तरी तिची नोंद इथे होत नाही. आणि एफडी आहे म्हणून बिल थकलं तरी चालेल, असं समजू नका. बँक एफडी मोडून वसुली करेल, पण उशिराचा डाग राहीलच.

वापर थोडाच ठेवा: विजेचं बिल, मोबाइल रिचार्ज, महिन्याचा किराणा. २०,००० च्या लिमिटवर बाकी साधारण ६,००० च्या वर जाऊ देऊ नका. जानेवारी २०२५ पासून बँकांना तुमच्या बाकीची माहिती या कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे "बिलाच्या तारखेआधी भरून टाकीन" हा जुना हिशेब पुरत नाही. महिन्याच्या मध्येही बाकी फुगलेली दिसू शकते. एटीएममधून कार्डावर रोकड काढू नका, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

खरा घोटाळा होतो तो 'मिनिमम ड्यू'मध्ये. समजा बिल १८,००० चं आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ९००. तेवढे भरलेत तर खातं थकीत दिसत नाही, पण उरलेल्या १७,१०० वर महिना साडेतीन टक्क्यांनी सुमारे ६०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ७०० च्या वर पुन्हा चढतात. भरलेत ९००, कमी झाले जेमतेम २००. वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बाकी लिमिटला टेकलेली राहते आणि स्कोअर हलत नाही. म्हणून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा आणि देय तारीख पगारानंतर दोनचार दिवसांनी येईल अशी बिलिंग सायकल बँकेकडून बदलून घ्या. निदान एकदा तशी सोय द्यावीच लागते. तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक खातं थकीत दाखवू शकत नाही, पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका. चौथ्या दिवशी मोजणी मूळ तारखेपासूनच होते.

सहा महिन्यांच्या आत फार फरक शोधू नका. जुना ०९० चा आकडा ३६ महिन्यांच्या तक्त्याबाहेर सरकायला तीन वर्षं लागतात, त्याला कार्डाचा इलाज नाही.

नोंदच चुकीची असेल तर गोष्ट वेगळी. सिबिलचं ऑफिस प्रभादेवीला सेनापती बापट मार्गावर आहे म्हणून तिथे चकरा मारायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. "पंधरा दिवसांत सिबिल क्लीन" म्हणणारा एजंट पाच-दहा हजार घेऊन फार तर हाच फॉर्म भरतो, आणि त्यासाठी तुमचा पॅन आणि ओटीपी मागतो. ओटीपी देऊ नका, फॉर्म स्वतःच भरा.