गंगा उगमालाच राखाडी कशी?

गोमुखाचे, म्हणजे गंगा जिथे हिमनदीतून बाहेर पडते त्या जागेचे फोटो दाखवले की हमखास विचारणा होते: "एवढं गढूळ पाणी? उगमाला तरी गंगा नितळ हवी ना!" सुरात थोडी निराशा असते, आणि वर कुणीतरी घाण करत असणार असा संशयही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वर गावच नाही. वर आहे ती सुमारे 30 किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी, आणि पाण्याला हा रंग तीच देते.

उगम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे त्र्यंबकेश्वर किंवा महाबळेश्वर येतं, डोंगरातून झिरपलेली बारीक धार. भागीरथी (इथे गंगेला हेच नाव) तशी सुरू होतच नाही. बर्फाच्या भिंतीखालून ती बाहेर पडते तेव्हाच भरलेली, फेसाळलेली, माणसाला सहज ओढून नेईल इतकी असते. वरचा बर्फ स्वतःच्या वजनाने उताराला सरकत असतो. त्याच्या तळाशी रुतलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात आणि त्यातून पिठासारखी भुकटी निघते. तोच हा राखाडी रंग. बाटली भरून ठेवलीत तर वाळू पटकन खाली बसते, भुकटी मात्र बराच वेळ तरंगत राहते.

गंगोत्रीहून गोमुख साधारण 18 किलोमीटर. वाटेत चीडबासा, मग भोजबासा. वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच मिळतो. जाताना नदी सतत उजव्या हाताला, खाली. तिच्या आवाजात मधूनच एक बोदा धक्का ऐकू येतो. प्रवाहाबरोबर तळातले धोंडे गडगडत जातात, त्याचा तो आवाज. मला शिवलिंग शिखराच्या पहिल्या दर्शनापेक्षा हे ऐकणं जास्त आवडतं. (शिखराचे फोटो सगळ्यांकडे असतातच.)

आणखी एक गोष्ट आपल्या नद्यांपेक्षा उलटी. आपल्याकडे मे महिन्यात नदीचं पात्र उघडं पडतं. इथे ऊन चढेल तसं पाणी चढतं. दिवसभरातही तेच. सकाळी लाकडाच्या दोन ओंडक्यांवरून आरामात ओलांडलेला नाला संध्याकाळी परतताना ओंडक्यांना भिडलेला असू शकतो. म्हणून वाटाडे पहाटे निघायची घाई करतात, ती ऐकावी.

डुबकीचं म्हणाल, तर मुखापाशी अजिबात नको. त्या भिंतीतून बर्फाचे आणि दगडांचे तुकडे कधीही सुटतात. भिंतही जागची हलते. गेल्या शतकभरात ती एक किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. स्नान गंगोत्रीच्या घाटावर करावं, तेही साखळी धरून.

निळीशार भागीरथी खोटी नाही. दिवाळीच्या सुमारास थंडी पडते, वितळणं मंदावतं आणि पाणी हिरवट-निळं होत जातं. दिवाळीच्या पाडव्याला गंगोत्रीचं मंदिर बंद होऊन देवीची पालखी मुखबा गावी जाते, त्या दिवसांतले फोटो तसे येतात. खाली टिहरी धरणाच्या जलाशयात तर पाणी थांबतं आणि बराच गाळ तिथेच बसतो, त्यामुळे देवप्रयागला, जिथे तिला अलकनंदा नदी मिळते, हीच भागीरथी पुष्कळदा अलकनंदेपेक्षा स्वच्छ दिसते.

तेव्हा रंगासाठी जायचं तर ऑक्टोबरात जा. मला विचाराल तर जून. आणि गोमुखाचं पाणी देव्हाऱ्यासाठी आणणार असाल, तर घरच्यांना रंगाची कल्पना आधीच देऊन ठेवा.