पत्र्याची पाती आणि सतरा फेरे

दर दोन-चार महिन्यांनी आमच्याकडे कुणी ना कुणी पवनचक्कीचं एकच चित्र घेऊन येतं. मधे उभा खांब, त्याला चार भुजा, प्रत्येक भुजेवर बिजागरीने डोलणारं एक पातं. वाऱ्याबरोबर जाताना पातं छाती काढून वारा अंगावर घेणार, वाऱ्याच्या तोंडावर परतताना मिटून अंग चोरणार. वारा कुठूनही येवो, चक्की वळवायची भानगड नाही. आणणाऱ्याला ती कल्पना पहाटे अर्धवट झोपेत सुचलेली असते. चीनमध्ये खाऱ्या पाण्याच्या उपशासाठी अशा आपोआप वळणाऱ्या शिडांच्या चक्क्या कितीतरी काळ चालल्या, हे सांगितलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. या वेळच्या गृहस्थांचा उजळला. "म्हणजे चालतं तर!" म्हणाले आणि काम माझ्या टेबलावर आलं.

त्यांना विहिरीतलं पाणी पाच मीटर वर काढायचं होतं. बरोबर एखादा दिवाही लागला तर उत्तम. दिव्याचं मी पहिल्याच बैठकीत मोडीत काढलं. वाऱ्याच्या ढकलीवर चालणाऱ्या चक्कीचं पातं वाऱ्यापेक्षा जोरात धावूच शकत नाही, आणि सगळ्यात जास्त काम देतं ते वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाला. म्हणजे सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर पातं २ मीटरने चालवायचं. आमच्या मापात ते मिनिटाला १६ फेरे. डायनॅमोला असले फेरे म्हणजे झोप. पंपाला मात्र चालतात.

"ऐंशी टक्के तरी शक्ती मिळेल ना?" हा प्रश्न ठरलेला. आदर्शातल्या आदर्श चक्कीलाही वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती काढता येत नाही. सपाट पात्याची ढकल त्यात आणखी मागे: स्वतःच्या क्षेत्रफळावर येणाऱ्या वाऱ्यातली १८ टक्क्यांच्या आसपास, तीही परतीच्या बाजूचा तोटा न धरता. ०.६ चौरस मीटरच्या पात्यावर ६ मीटरच्या वाऱ्यात ७९ वॉट येतात, हाती १४ लागतात. त्यात पंपाने निम्मं खाल्लं तरी तासाला पाचशे लिटर पाणी वर येतं. हे ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "रात्रंदिवस चालली तर टाकी भरते की!" हिशेब ऐकून घेणारा ग्राहक विरळा. त्यामुळेच पुढे जे झालं त्याचं मला जास्त लागलं.

खांबाच्या मध्यापासून ९० सेंटिमीटरवर बिजागरीची उभी पिन, तिथून बाहेरच्या बाजूला ६० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर उंच पातं, भुजेच्या टोकाला रबर लावलेला स्टॉपर. पात्याला एका बाजूने स्टॉपर अडवतो, दुसऱ्या बाजूला ते मोकळं. माझं सगळं लक्ष त्या स्टॉपरवर होतं, कारण अशा चक्क्या तिथेच मरतात. दर फेऱ्याला पातं एकदा स्टॉपरवर आदळतं. १६ फेऱ्यांनी दिवसाला २३,०४० ठोके, एका पात्याचे. म्हणून पत्र्याला कडेने दुमड दिली, बिजागरीला गनमेटलचे बुश, म्हणजे पिन ज्यांत फिरते त्या छोट्या नळ्या, घेतले, रबराचे तीन नमुने ठोकून पाहिले आणि आवाज सगळ्यात कमी करणारा नव्हे तर उसळी सगळ्यात कमी देणारा निवडला. या स्टॉपरचा मला अजूनही अभिमान आहे. पात्याला १ मिमीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा घेतला, कारण ठोके खायचे तर अंगात दम हवा. एका पात्याचं वजन ४.७ किलो.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने संगणकावर या चक्कीभोवतीचा वारा काढून दाखवला. लाल-निळे पट्टे, भोवरे, पाहत राहावं असं. पात्यांचे कोन त्याने स्वतःच आधी भरून दिले होते: या बाजूला उघडी, त्या बाजूला मिटलेली. पाती तसं वागतील का हा प्रश्न त्या चित्रात नव्हताच. मीही विचारला नाही, मग त्याला काय बोलणार.

मोकळ्या माळावर चक्की उभी केली. मोकळी, म्हणजे पंप न जोडता, ती ६ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला तीसेक फेरे घेईल असा माझा अंदाज होता. तिने सतरा घेतले. दोरीचा ब्रेक लावला की आणखी मरगळायची, १६ फेऱ्यांना तर ड्रमवरच्या दोरीच्या दोन टोकांना लावलेल्या ताणकाट्यांत फरकच दिसेना, म्हणजे हाती शक्ती शून्य. जवळून पाहिलं तर परतीच्या बाजूला पाती पूर्ण मिटतच नव्हती. भुजेशी काटकोनात मागे लोळायला हवीत, ती तीसेक अंश उघडी राहून वाऱ्याला चक्क भिडत होती. पुढची दोन पाती ढकलायची आणि मागची दोन तेवढ्याच जोराने अडवायची.

माझं निदान तयार होतं: बुश घट्ट.

आमचे मिस्त्री माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठे, लेथवर हयात गेलेली. मी त्यांना चारचौघांत म्हणालो, "काका, बुशचं माप चुकलंय तुमचं." ते काही बोलले नाहीत. बिजागऱ्या उतरवल्या, भोक रुंदावायला रीमर फिरवला, परत चढवल्या. सतरा. पुन्हा उतरवल्या, ग्रीस काढून पातळ तेल घातलं. सतरा. तिसऱ्यांदा मी सांगितल्यावर त्यांनी मला पात्यापाशी बोलावलं, वारा पडलेला पाहून पात्याच्या कडेजवळ तोंड नेलं आणि लांब फुंकर मारली. पावणेपाच किलोचं पातं सावकाश, न अडखळता हललं. "आता सांगा, कुठे घट्ट आहे?" मी पिन तिरकी बसली असेल म्हणालो. मला आज आठवतंय ते हे, की फुंकरीने हललेलं पातं डोळ्यांसमोर असतानाही मी पिनेवर गेलो.

त्याच आठवड्यात एका दिवशी वारा जोराचा होता, सेकंदाला ८ मीटर. चक्की २३ फेऱ्यांवर जाऊन थांबली. मी वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली आणि विसरलो. खरं तर उत्तर त्या आकड्यात होतं. घर्षण दोषी असतं तर वारा वाढल्यावर त्याची किंमत उरली नसती. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, घर्षण होतं तिथेच राहतं, चक्की उधळली असती. इथे ६ ला १७, ८ ला २३. प्रमाण हललंच नाही. म्हणजे अडवणारी जी कोण गोष्ट होती ती वाऱ्याबरोबर पायरीला पायरी लावून वाढत होती.

मग तो दिवस. दोन दिवस संततधार, वारा पूर्ण पडलेला. चक्की उतरवून शेडमध्ये आणली होती, शाफ्ट खालच्या बेअरिंगवर उभा करून. मिस्त्रींना वरचं बेअरिंग ऐकायचं होतं, म्हणून त्यांनी आणि हेल्परने दोन भुजा धरून चक्की हाताने फिरवली आणि बाजूला झाले. शेडमध्ये वाऱ्याचा मागमूस नाही. आणि मागे लोळलेली चारही पाती एकेक करत बाहेर आली, फिरत्या पाळण्यातल्या खुर्च्या बाहेर फेकल्या जातात तशी, आणि स्टॉपरवर टेकून ताठ उभी राहिली. चक्की मंदावली तरी मिटायला तयार नाहीत.

मिस्त्री म्हणाले, "गोफण झालीय हिची."

मी तिथेच खडूने फरशीवर हिशेब मांडला. पात्याचं वजन ४.७ किलो, ते पिनेपासून ३० सेंटिमीटरवर एकवटलेलं धरू. पिन खांबापासून ९० सेंटिमीटरवर. १६ फेऱ्यांना पात्याला बाहेर ओढणारं बल १२ न्यूटनच्या घरात. समोर हवा. परतीच्या बाजूला पात्यावरचा वारा सेकंदाला साडेसात मीटर, त्याचा दाब पूर्ण उघड्या पात्यावरसुद्धा पंचवीसेक न्यूटनच्या आसपास. मिटत आलेल्या पात्यावर त्याचा काही अंशच उरतो. त्यातही एक मेख आहे. मिटत आलेल्या पात्यावर हवा मध्यावर दाबत नाही, पुढच्या काठाजवळ, रुंदीच्या साधारण चौथाईवर दाबते. म्हणजे हवेच्या हातात १५ सेंटिमीटरची तरफ आणि वजनाच्या हातात ३० ची. जिंकणार कोण? दोघांची तडजोड होत होती, तीस अंशांवर. आणि चक्कीचा वेग वाऱ्याच्या प्रमाणात असेल तर दोन्ही जोर वेगाच्या वर्गानेच वाढतात, म्हणून कितीही वारा आला तरी तडजोड तीच. सतरा आणि तेवीस.

रात्री हिशेबाची शीट उघडली. 'पात्याचं वजन' हा रकाना पहिल्या दिवसापासून त्यात होता. ४.७, मीच भरलेलं. तो आकडा फक्त खालच्या बेअरिंगवरचा भार काढायला वापरला होता. विमानाच्या पंखावरच्या हलत्या पट्ट्यांना पिनेच्या पुढे वजन लावून तोलतात हे मला शिकत असल्यापासून माहीत आहे. कुणी विचारलं असतं तर फळ्यावर काढून दाखवलं असतं.

तोल साधायचा तर पिनेपुढे १५ सेंटिमीटरवर प्रत्येक पात्याला नऊ किलोंहून जास्त शिसं लागत होतं. चार पात्यांचं ३७ किलो, भुजांच्या मध्यावर. विषय संपला. आमच्या वरिष्ठांनी सुचवलं, पिनच पात्याच्या आत घ्या, वजन आपोआप तोललं जाईल. ऐकायला छान. पण पिन त्या चौथाईच्या जवळ गेली की हवेची तरफच नाहीशी होते, पातं वाऱ्याला ओळखत नाही आणि थरथरायला लागतं. वरिष्ठांना हे पटलं नाही. पटवायला माझ्याकडे वेळ नव्हता.

शेवटी जुन्या शिडांकडेच वळलो. पातळ ॲल्युमिनियम नळीची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं कापड, पिनेबाहेरचं वजन १ किलोच्या आत. पिनेपुढे दोन किलोंचा गोळा, तोल जवळजवळ बरोबर. मिस्त्रींनी कापडाची कड दोरीने अशी ओवली की बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजावी. त्या चौकटी त्यांनी मला न विचारता स्वतःच्या मापाने केल्या, मीही माप तपासायला गेलो नाही. माफी म्हणायचं ते एवढंच झालं आमच्यात. शब्दांनी मी अजून मागितलेली नाही.

त्याच माळावर, ६ मीटरच्या वाऱ्यात, मोकळी चक्की २७ फेऱ्यांवर गेली. परतीची पाती खालून पाहिली तर रेघेसारखी दिसत होती. १६ फेऱ्यांना १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर दोन काट्यांतला फरक साडेचार किलो, म्हणजे ११ वॉट. कागदावरच्या १४ पैकी ११ मला पुरेसे वाटले. सहकाऱ्याने लगेच त्याच्या चित्रात पात्यांना वजन भरलं आणि तीस अंशांचा कोन बरोबर काढून दाखवला. झाल्यावर सगळ्यांनाच काढता येतो.

ग्राहक पाहायला आले. चक्कीभोवती दोन चकरा मारल्या, कापडाला हात लावून पाहिला. तोंडावर आनंद नव्हता. "आधीची पत्र्याची पाती मजबूत दिसत होती," म्हणाले. मी पूर्ण गोष्ट सांगितली, गोफणीसकट. त्यांनी नेहमीसारखी शांतपणे ऐकून घेतली. कापड उन्हात किती टिकेल असं विचारलं, ते दरवर्षी बदलावं लागेल असं धरून चला, असं मी सांगितलं. मग म्हणाले, "मग पत्रा अर्ध्या मिमीचा घेतला तर?"

वजन निम्म्यावर येईल, दोन किलो साडेतीनशे ग्रॅम. तोलाचा गोळा पावणेपाच किलोंवर. तेवढा भुजांना सोसेल बहुतेक. पण अर्ध्या मिमीचा पत्रा एवढ्या रुंदीत फडफडेल, आणि त्याला पट्ट्या मारून ताठ केला की वजन पुन्हा वर. पट्ट्या कुठे मारायच्या त्यावरही आहे, पिनेजवळ मारल्या तर फारसं बिघडत नाही. बघून सांगतो म्हणालो. काल मिस्त्रींनी अर्ध्या मिमीचा एक तुकडा कापून माझ्या टेबलाला टेकवून ठेवलाय. पंखा लावला की वाजतो.