व्हाया सुएझ

इजिप्तमध्ये पिरॅमिडना एक सकाळ आणि उरलेला सगळा वेळ सुएझ कालव्याकाठच्या पोर्ट सईद-इस्माइलियाला, हा बेत ऐकून बायकोने कपाळावर हात मारून घेतला. पण माझा जन्म क्लिअरिंग-फॉरवर्डिंगमध्ये गेला. युरोपला जाणाऱ्या मालाच्या कागदांत हा कालवा रोज भेटायचा. २०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचं जहाज तिथे आडवं होऊन बसलं, तेव्हा पार्ट्यांचे फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला होता. ती जागा एकदा बघायचीच होती.

कैरोहून बसने तीनेक तास. वाटेत वाळूच्या बांधामागून कंटेनरची चळत सरकताना दिसते. पाण्याचा पत्ता नसतो. १९३ किलोमीटरच्या या कालव्यात पनामासारखी पाणी चढवणारी-उतरवणारी दारं नाहीत, कारण भूमध्य आणि तांबडा, दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी. नेपोलियनच्या मोजणीदारांनी मात्र तांबडा समुद्र दहाएक मीटर उंच ठरवून टाकला होता! त्या हिशोबाची भीती पुढे बरीच वर्षं पुरली.

पोर्ट सईदची खरी मजा फेरीबोटीत. पलीकडे पोर्ट फुआद, म्हणजे आफ्रिकेतून आशियात. तिकीट नाही, माणसंही फुकट, गाड्याही फुकट. डोक्यावर पावांचं फळकुट तोललेला सायकलवाला, दप्तरवाल्या मुली, कठड्यावरून सीगलना पाव फेकणारे बाप. खंड बदलल्याचं कोणाच्या गावीही नसतं. मी निव्वळ हिरवे घुमट असलेली कालवा प्राधिकरणाची इमारत पुन्हा पाण्यावरून बघायची म्हणून जात-येत राहिलो.

एकदा एक कंटेनर जहाज इतकं जवळून गेलं की नांगराच्या भोकाखालचे गंजाचे ओघळ स्वच्छ दिसले. सवयीने मी कंटेनर नंबर वाचायला लागलो: चार अक्षरं, सात आकडे. डेकवर एक छोटी होडी टांगलेली होती. ती जहाजाची नव्हे, इथल्या नावाड्यांची. कालव्यात जहाज बांधून ठेवायची वेळ आली तर दोर किनाऱ्यावर न्यायला होडीसकट ही माणसं सोबत घेतात. बायको म्हणाली, “आता खाली बसा, पडाल.”

धक्क्यावर कालवा खोदवून घेणाऱ्या फ्रेंच द लेसेप्सच्या पुतळ्याचा नुसता चौथरा उभा आहे. १९५६च्या डिसेंबरमध्ये पोर्ट सईदकरांनी पुतळा उडवला. त्याच वर्षी २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी अलेक्झांड्रियाच्या भाषणात ‘लेसेप्स’ हे नाव पुन्हा पुन्हा घेतलं. कालवा ताब्यात घ्यायची तीच खूण होती, आणि भाषण चालू असतानाच कालवा चालवणाऱ्या कंपनीची कार्यालयं ताब्यात गेली. पुतळा आता इस्माइलियाच्या संग्रहालयात आहे. चौथरा रिकामाच बरा दिसतो, असं माझं मत. ज्या शेतकऱ्यांना वेठीला धरून सुरुवातीचं खोदकाम झालं, त्यांचा पुतळा आधी उभारायला हवा.

आमच्या हॉटेलचे म्हातारे मॅनेजर पोर्ट सईदचे, पण लहानपण सगळं दुसऱ्या गावी. १९६७च्या इस्रायलबरोबरच्या युद्धानंतर कालव्याकाठची शहरं रिकामी करावी लागली. तेव्हा बंद पडलेला कालवा थेट ५ जून १९७५ला उघडला; १४ परदेशी जहाजं तोवर ग्रेट बिटर लेकमध्ये अडकून होती. मॅनेजरना आता वेगळीच चिंता. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणं पसंत केलं. कालव्याचं उत्पन्न २०२३मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, पुढच्या वर्षी चार अब्जांच्या आसपास आलं. आमच्याकडे तेव्हा भाडं वाढलं म्हणून बोंब होती. या बाजूचा विचार कोणी केला नव्हता, मीही नाही.

इस्माइलिया सावलीचं, झाडांचं गाव. नाइलचं गोडं पाणी कालवा खोदतानाच इथवर आणलं, म्हणून वाळवंटात बागा. ऑगस्टमध्ये रस्तोरस्ती आंबे. त्यात एक जात चक्क ‘अल्फॉन्स’! बायकोचे डोळे चमकले. विक्रेत्याने कापून दिलेली फोड तिने चाखली आणि निकाल दिला, “नाव हापूसचं, काम पायरीचं.” त्याला काही कळलं नाही, तो खूश होऊन हसला. शेजारच्या टोपलीतला ‘ओवेस’ नावाचा छोटा आंबा मात्र तिने घासाघीस न करता दोन किलो घेतला.