शून्य गुणांचा कागद

नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. भावी डॉक्टरांना मनाचे आजार समजावून सांगावे लागत नसतील, त्यामुळे त्यांचे समुपदेशन सोपे असेल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात अडचण तिथूनच सुरू होते. ज्या प्रश्नावलीने मी त्यांची मनःस्थिती पडताळते, तीच प्रश्नावली ते मानसोपचार विभागाच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे त्या विभागात पाळीने शिकायला जातात तेव्हा, शिकलेले असतात, आणि किती गुण झाले की मॅडमचे बोलावणे येते हे त्यांना तोंडपाठ असते.

या प्रश्नावलीचे नाव पीएचक्यू-नाइन. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटले का, झोप बिघडली का, थकवा आला का, अशा क्रमाने तिच्यात ९ प्रश्न येतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि एकूण बेरीज जास्तीत जास्त २७ होते. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. बेरीज कितीही कमी असली तरी नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज दुसरे उत्तर आले, तर त्या व्यक्तीशी त्याच दिवशी बोलायचे, असा माझा नियम आहे. आमच्या महाविद्यालयाने मात्र या कागदावर हजेरी क्रमांक लिहिणे सक्तीचे केले होते. ज्या कार्यालयातून परीक्षेचे प्रवेशपत्र मिळते, त्याच कार्यालयात हे कागद गोळा होत असतील, तर नवव्या प्रश्नाला खरे उत्तर कोण देईल, हा प्रश्न मी बैठकीत विचारला होता. ‘अहवालाला आकडे लागतात,’ असे उत्तर मला मिळाले.

२०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल आला. पाहणीत भाग घेतलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी १६.२ टक्के जणांनी मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले होते. १५० जणांच्या तुकडीत हे प्रमाण साधारण २४ जणांवर जाते. आमच्या तुकडीच्या कागदांवर नवव्या प्रश्नाला एकानेही होकार दिला नव्हता. तो आकडा वाचला आणि २०२२ मधील एका मुलीचे प्रकरण, जे माझ्या मनातून कधी गेलेच नव्हते, ते लिहून काढावे असे वाटले. तिने लेखी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू शकेल असे तपशील मी बदलले आहेत.

त्या वर्षीच्या गठ्ठ्यात मी जास्त गुणांचे कागद बाजूला काढले, तसेच सर्व उत्तरे शून्य असलेले मूठभर कागदही काढले. परीक्षा तोंडावर आलेली असताना तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन आठवड्यांत एकदाही थकवा येत नाही आणि एकही रात्र जागून जात नाही, हे शक्य नाही. चार-पाच गुण आले असते तर मी तो कागद खरा मानला असता. कोरे करकरीत शून्य लिहिणारा विद्यार्थी मला फक्त एवढेच सांगत असतो की माझ्या दारात येऊ नका.

त्याच आठवड्यात वसतिगृहातील एक मुलगी झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आली. बराच वेळ ती स्वतःच्या झोपेबद्दल बोलली आणि उठता उठता म्हणाली, ‘मॅडम, माझ्या रूममेटने मला तिचा स्टेथोस्कोप देऊन टाकला. तुझा खराब झालाय, माझा वापर म्हणाली.’ त्यांची मेडिसिनच्या वॉर्डातील पोस्टिंग तेव्हा सुरू होती. स्टेथोस्कोप विसरून वॉर्डात गेले तर रुग्णांसमोर बोलणी खावी लागतात, आणि ही रूममेट स्वतःचा लिटमन कंपनीचा स्टेथोस्कोप भर पोस्टिंगमध्ये कायमचा देऊन मोकळी झाली होती. मेसची बाकीही तिने महिन्याच्या मधेच चुकती केली होती. माझ्याकडे आलेल्या मुलीला यातले काय खटकले ते नेमके सांगता येत नव्हते, पण खटकले होते, आणि झोपेचे निमित्त करून ती तेच सांगायला आली होती. मला त्यात निरवानिरव दिसली. शून्य गुणांच्या कागदांत स्टेथोस्कोप देऊन टाकणाऱ्या मुलीचाही कागद होता.

सांगणारीचे नाव उघड होऊ नये म्हणून शून्यवाल्या सगळ्यांनाच मी एकसारखा निरोप पाठवला आणि हिला पहिली वेळ दिली. ती वॉर्डातून थेट आली, ताठ बसली, आणि एखाद्या रुग्णाची केस सरांसमोर सादर करावी तशी तिने स्वतःची केस सादर केली: स्लीप नॉर्मल, अ‍ॅपेटाइट नॉर्मल, मूड युथायमिक, म्हणजे मनःस्थिती समतोल. मी तिचा कागद पुढे ठेवला आणि थकव्याच्या प्रश्नावर बोट ठेवून विचारले, ‘पहाटे दोनपर्यंत अभ्यास करून सकाळी आठला वॉर्डात उभी राहतेस, आणि थकवा एकदाही नाही?’ ती काहीच बोलली नाही. मग मी सरळ विचारले, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत सुशिक्षितांमध्येही घट्ट आहे आणि ती खोटी आहे. स्पष्ट विचारले की माणसाला बहुतेक वेळा हायसेच वाटते. ती म्हणाली, ‘हो मॅडम. ठरवलंय.’

तिची कारणे मी इथे लिहिणार नाही, ती तिची आहेत. ती नापास झालेली नव्हती, एवढेच सांगते. माझ्याकडे विभागांतून पाठवले जातात ते हजेरी कमी पडलेले आणि नापास झालेले विद्यार्थी. पहिल्या दहांत असलेल्या मुलीला माझ्याकडे पाठवावे, असे एकाही प्राध्यापकाच्या मनात आले नसते.

पुढचे तास कामाचे होते. विचार अनावर झाले तर कोणाला फोन करायचा, कोणत्या खोलीत एकटे थांबायचे नाही, कोणत्या वस्तू जवळ ठेवायच्या नाहीत, हे आम्ही तिच्याच अक्षरात लिहून काढले. त्यात त्या वर्षी सुरू झालेला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही होता. औषधे हाताशी असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत वस्तू जवळ न ठेवण्याचा मुद्दा सर्वांत कठीण असतो. वॉर्डनबाईंनी एकही प्रश्न न विचारता रात्री तिला स्वतःच्या खोलीत झोपवले. आमच्या संस्थेत इतके शहाणपण मी क्वचित पाहिले आहे.

आई-वडिलांना कळवण्याला तिचा विरोध होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा तिचा हक्क आहे, आणि जिवाचा धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करायला त्याच कलमात मुभा आहे. कोणते वाक्य सांगणार आणि कोणते सांगणार नाही, हे मी तिला आधी लिहून दाखवले, आणि फोन तिनेच लावला. आई-वडील लातूरहून रात्रीच्या गाडीने निघाले आणि सकाळी ठाण्याला उतरले. आमच्याच मानसोपचार विभागात तिला पाठवणे मला मान्य नव्हते, कारण जे डॉक्टर तिला तपासणार तेच पुढे तिची तोंडी परीक्षा घेणार. म्हणून मी नौपाड्यातील एका डॉक्टरांची वेळ घेतली होती. ‘ठाण्याला दाखवायचं आहे’ एवढे ऐकताच आई रडू लागल्या. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या त्या शहराचे नाव आपल्या घराघरांत ज्या अर्थाने घेतले जाते, तोच अर्थ त्यांनी घेतला होता. तो साधा दवाखाना आहे, मुलगी सोबत परत येणार आहे, हे समजावण्यात अर्धी सकाळ गेली.

उपचार लागू पडले. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरीच्या अटीवरून कार्यालयाशी झालेली ओढाताण वेगळी. रजेच्या दाखल्यावर आजाराचे नाव असायलाच हवे, हा तिथल्या एका बाबूंचा हट्ट मोडायला उपचारांइतकाच वेळ लागला. ती परत आली, परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली.

मला अजून सोडत नाही ती झोपेचे निमित्त करून आलेली तिची रूममेट. परत आलेल्या मैत्रिणीने खोली बदलून घेतली आणि तिच्याशी बोलणे बंद केले, कारण मॅडमपर्यंत कोण गेले असेल हे ओळखणे अवघड नव्हते. ती मला विचारत राहिली, ‘मॅडम, मी चुकले का? ती काही करणार होती का?’ गोपनीयता तिच्यासमोरही मला पाळावीच लागत होती. तिच्या झोपेवर आम्ही काम करत राहिलो, आणि ज्या एका वाक्याने तिला झोप लागली असती ते मला उच्चारता आले नाही. जीव वाचवणाऱ्या माणसाला आमच्या व्यवस्थेत काहीच कळवता येत नाही, आणि रुग्णाच्या बाजूने पाहिले तर ते तसेच असायला हवे, हेही मला मान्य आहे.

या मजकुरासाठी परवानगी देताना उपचार घेऊन परतलेली मुलगी म्हणाली, ‘तिचाही भाग लिहा, आणि तिला दाखवा.’ दोघींनी मसुदा वाचला आहे. त्यात मी असे लिहिले होते की तिच्या मनात मैत्रिणीबद्दल आता राग उरलेला नाही. ते वाक्य तिने खोडून परत पाठवले, आणि मी ते काढले आहे.