७२ का ५१, दोन महिने हेच

आकाशाचे फोटो काढायला कुठली दुर्बीण घ्यायची, दोन महिने झाले डोक्यात नुसतं ७२ का ५१ चालूय. ७२ एमएमची ईडी (रंगांची झाक कमी करणाऱ्या काचेची) दुर्बीण, फोकल लेन्थ ४२० एमएम, चंद्र भारी दिसतो, पण फोटो काढायचा तर फ्लॅटनर (कडेपर्यंत चित्र सपाट करणारी जादा लेन्स) वेगळा लागतो, नाहीतर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. दुसरी दुर्बीण रेडकॅट ५१, म्हणजे ५१ एमएमची, पेट्झवल डिझाइनची (सपाट करणाऱ्या लेन्स आतच), फील्ड आधीच सपाट, फोकल लेन्थ २५० (कमी, म्हणून आकाश जास्त मावतं), एफ/४.९. माझ्या एपीएस-सी (मधल्या आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ५ अंशांवर आकाश मावतं आणि देवयानी दीर्घिका तीनेक अंशांची, म्हणजे ऐसपैस की.

खरा निकाल बाईकनं लावला. डिसेंबरात मित्राची ७२ वाली घेऊन बाईकवरनं जांबोटीकडं गेलो, ट्रायपॉड, ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागं दुर्बीण हळूहळू फिरवणारं यंत्र), बॅटरी सगळं पाठीवर, खानापूर तालुक्यातलं ते रान म्हणजे अंधार एकदम झकास, पण दुर्बीण चढवली आणि माझा छोटा ट्रॅकर कण्हायलाच लागला, दोन मिनिटांच्या एक्स्पोजरला तारे लांबट. अकराला लेन्सवर दव. रुमालानं पुसायला गेलो, आणखीच चिकट झालं (हे करू नका बाबांनो). घरी आल्यावर आई म्हणाली, "भाकरी तशीच परत आणलास बग."

५१ च बुक केली. सोबत ड्यू हीटरची (लेन्सवर दव धरू न देणारी) पट्टी पण.