रुईवरची अळी आणि लोकरीचा आलेख

वहीचं बारावं पान काल पुरं झालं. लेक नऊ वर्षांची, शाळा घरीच. या पावसाळ्यात एकाच गोष्टीची वही चाललीय: कोपऱ्यावरच्या रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू.

पहिली दोन पानं वाया गेली. रुईचं पान वहीत दाबून ठेवलं होतं. ते मुळात जाड, रसदार, त्यात आषाढातली दमट हवा. आठवडाभरात बुरशी आली, शेजारचं चित्रही गेलं. आता पान उलटं ठेवतो, वर पातळ कागद धरतो आणि मेणखडू आडवा फिरवतो. मागच्या शिरा चांगल्या उठावदार असतात, ठसा सुरेख येतो. चीक मात्र डोळ्यात जाता कामा नये, म्हणून पानं तोडायचं काम माझंच.

खरी जमली ती लोकर. अळी अंड्यातून निघाली तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटर होती. रोज सकाळी तिच्याशेजारी लोकरीचा धागा धरायचा, तेवढाच कापायचा आणि त्या दिवसाच्या तारखेवर उभा चिकटवायचा. (ग्लू स्टिकच वापरा, ओल्या डिंकानं कागद फुगतो.) धागे वाढत गेले, आणि मग सलग दोन दिवस सारखेच.

"आई, हिला बरं नाहीये का गं?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण गप्प बसले. तिनं त्या दोन धाग्यांखाली प्रश्नचिन्ह काढलं आणि दिवसभर बरणीपाशी ठाण मांडलं. संध्याकाळी अळीनं कात टाकली आणि वळून ती खाल्लीसुद्धा! पुढचे धागे भराभर लांबले, शेवटचा जवळपास ४ सेंटिमीटर.

'आलेख' हा शब्द मी त्यानंतर सांगितला. गणिताच्या पुस्तकातले स्तंभालेख तिनं आपणहून उघडले. छापील, चौकटी भरायची पानं मी आता बंदच केलीत. ती दहा मिनिटांत भरून होतात आणि परत कुणी उघडत नाही. हे पान ती रोज उघडते.

मंगळवारपासून कोष लटकलाय, फिकट हिरवा, सोनेरी ठिपक्यांचा. फुलपाखरू निघायच्या आधी पंखांचे रंग कोषातून दिसू लागतात, म्हणून तेराव्या पानावर कोषाच्या आकाराचा ट्रेसिंग पेपर एका कडेनं चिकटवून ठेवलाय. त्याखाली पंख काढायचेत. पण प्रत्यक्ष दिसल्याशिवाय काढणार नाही, असं तिनं बजावलंय.