तारू हाकारताना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो नववीच्या वर्गातील फळा आणि त्यावर इंग्रजीच्या सरांनी लिहिलेला 'मारे' हा शब्द. सर मुंबईच्या महाविद्यालयात लॅटिन शिकून आले होते. खाडीकाठच्या आमच्या शाळेत तो विषय असणे शक्यच नव्हते. परंतु एका धड्यात 'मरीनर' हा शब्द आला आणि सरांनी तो मुळापासून उलगडायला घेतला. लॅटिनमध्ये 'मारे' म्हणजे समुद्र. त्यावरूनच मरीन, मॅरिटाइम, सबमरीन. 'सी' हा शब्द मात्र लॅटिनकडून आलेला नाही, तो इंग्रजीच्या जर्मानिक घराण्यातला आहे, आणि 'मर्मेड'मधला 'मर्' म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'मेरे' हा लॅटिन 'मारे'चा सख्खा भाऊ आहे, हेही त्यांनी त्याच तासाला सांगितले.

आमच्या वर्गात मच्छीमारांच्या घरची मुले पुष्कळ होती, आणि लॅटिन शब्द सांगून झाला की सर त्यांच्याकडे वळून घरचा शब्द विचारत. जहाज चालवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद 'नाविगारे' हे 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे यांपासून झाले आहे, आणि हेच 'आगेरे' गुरे हाकण्यासाठीही वापरले जाई, असे सांगून त्यांनी विचारले, "गलबत बंदरातून निघते तेव्हा आपल्याकडे काय म्हणतात?" मागच्या बाकावरचा तांडेलाचा मुलगा उभा राहून म्हणाला, "हाकारतात, सर." सरांनी 'नाविगारे'च्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत 'हाकारणे' लिहिले. घरात रोज कानावर पडणारा शब्द फळ्यावर पाहून त्या मुलाचा चेहरा कसा उजळला होता, ते मला आजही दिसते.

'नाविस' आणि संस्कृत 'नौ' हे एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघाले आहेत. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगति'वरून आला, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते, ते बरोबर नाही. भावंडाला जन्मदाता म्हणू नये, हा सरांचा आग्रह होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कारण नाते खरे असताना ते फुगवून सांगण्याची गरजच पडत नाही.

समुद्रासाठी लॅटिन कवींचा आवडता शब्द 'एक्वोर'. त्याचा मूळ अर्थ सपाट पृष्ठभाग, आणि 'इक्वल' व 'इक्वेटर' हे इंग्रजी शब्द त्याच कुळातले. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात जळत्या ट्रॉयमध्ये हरवलेल्या पत्नीची छाया नायक इनियासला सांगते, की तुला समुद्राची विशाल सपाटी नांगरत जायचे आहे. हे ऐकून आम्ही चकित झालो, कारण आमच्याकडे नांगर शेतातही असतो आणि होडीतही. त्यांचे जहाज समुद्र नांगरत पुढे जाते आणि आपले नांगर टाकून थांबते, हा फरक सरांनी दाखवला.

प्रस्थानासाठी लॅटिनमध्ये दोन प्रयोग विशेष रूढ होते. एक 'वेला दारे', म्हणजे शिडे वाऱ्याच्या स्वाधीन करणे. दुसरा 'नावेम सोल्व्हेरे', म्हणजे जहाज सोडणे. इसवी सनपूर्व 55 मध्ये सीझर मध्यरात्रीनंतर ब्रिटनच्या स्वारीवर निघाला, ते सांगताना त्याने हेच 'सोल्व्हेरे' वापरले आहे. नारळी पौर्णिमेनंतर आमच्या गावच्या होड्याही सोडल्याच जात. 'ऑपॉर्च्यून' म्हणजे अनुकूल, हा शब्दसुद्धा मूळचा दर्यावर्द्यांचाच, कारण 'पोर्तुस'कडे म्हणजे बंदराकडे नेणारा वारा तो 'ओपोर्तुनुस'.

पुढे मी व्यापारी जहाजांवर अधिकारी झालो आणि हे शब्द माझे रोजचे झाले. 'स्टारबोर्ड'चा ताऱ्यांशी संबंध नाही. पूर्वी उजव्या बाजूला सुकाणूचे वल्हे असे, म्हणून ती 'स्टिअर' करण्याची बाजू. डावीला 'लारबोर्ड' म्हणत. दोन्ही नावे ऐकायला सारखी वाटत, म्हणून 1844 साली ब्रिटिश नौदलाने डावीसाठी 'पोर्ट' हा शब्द ठरवून दिला.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो 'वे अँकर', म्हणजे नांगर उचलणे, हा प्रयोग. यातील 'वे'चा अर्थ आज आपण वजन करणे असा घेतो. परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाहून नेणे, उचलणे असाही होता, आणि संस्कृत 'वह्' धातू त्याचाच नातलग आहे, हे सरांनी आम्हाला दहावीत सांगितले होते. शिकाऊ असताना मी पहिल्यांदा नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा होतो, साखळी ताठ झाली, नांगर तळापासून सुटला आणि मी ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षाला, 'अँकर अवे' असे कळवले, तेव्हा त्या एका शब्दात मला 'वह्' स्पष्ट ऐकू आला. त्या रात्री मी सरांना पत्र लिहिले. महिन्याभराने आलेल्या उत्तरात त्यांनी एवढेच विचारले होते, की जहाजावरचे आपल्याकडचे खलाशी त्या क्षणी काय म्हणतात. मी आमच्या रत्नागिरीकडच्या वयस्कर खलाशीकाकांना विचारले. ते म्हणाले, "नांगर सुटला, म्हणतो आम्ही." ते उत्तर मी पुढच्या बंदरातून सरांना कळवले आणि त्याच्या शेजारी 'सोल्व्हेरे' लिहिले.